एका कानावरचे केस

माझ्या आत्याला सगळे कात्रीताई म्हणायचे. ह्या नावात तिच्या धंद्याचा वाटा अर्धा आणि तोंडाचा अर्धा. घराच्या पुढच्या खोलीत तिचं केस कापायचं दुकान होतं. भिंतभर आरसा, कोपऱ्यात बेसिन, निळ्या औषधी पाण्यात उभे ठेवलेले कंगवे आणि मधोमध एक जुनी उंच खुर्ची. पेडल मारलं की खुर्ची मुकाट्यानं वर जायची. खाली यायला मात्र आत्याचा एक गुद्दा खाल्ल्याशिवाय तयार व्हायची नाही. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती कापड बांधलं गेलं, की ते सुटेपर्यंत ते माणूस आत्याच्या ताब्यात. ती प्रश्न विचारायची आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकायची. “पोरीचं कसं चाललंय? बरंच चाललं असणार, मागच्या आठवड्यात दिसली होती की हसताना.” लोकांना ह्याचा त्रास नव्हता. उलट तिच्या हाताखाली बरेच जण डोळे मिटून झोपून जायचे, आणि आत्याला त्याचा अभिमान होता.

आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, अगदी उलट. आयुष्यभर त्यांनी शहरात बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर जणू बोलण्यातूनही निवृत्त झाले. फक्त रेल्वेचा विषय निघाला की त्यांना तोंड फुटायचं. “रेल्वेवाल्याला वळायचं कुठं असतं? रूळ नेतील तिकडे जायचं,” म्हणायचे. ते स्वतः गाडीत कधी बसले नाहीत.

आत्या मात्र दर आठवड्याला बसायची. आमच्याकडच्या रेल्वेमार्गाच्या शेवटच्या गावात एक वृद्धाश्रम होता आणि तिथल्या म्हाताऱ्यांचे केस कापायला ती गाडीनं जायची. छोटीशी गाडी, तीन डबे, हिरव्या सीट. आमच्या भागातल्या सगळ्या आडव्या-तिडव्या लाइनी चालवणारी एक कंपनी होती, तिची ही गाडी. लोक कंपनीच्या नावानं बोटं मोडायचे. मधल्या स्टेशनांवरची माणसं काढून कंपनीनं तिथं एकेक खांब रोवला, त्यावर भोंगा लावला आणि खाली तिकिटाचं यंत्र ठेवलं, तेव्हा तर फारच ओरड झाली. आत्या कंपनीची बाजू घ्यायची. “गाडी येते ना? जाते ना? मग खांबाशी काय भांडायचंय?” गार्डला ती नावानं नाही, पण ‘गार्डभाऊ’ म्हणून ओळखायची. चाळिशीतला, पडलेल्या खांद्यांचा, नाकासमोर चालणारा माणूस. तो तिचं तिकीट न बघताच पुढे जायचा आणि ती त्याला प्रत्येक वेळी सांगायची, “अहो, बघा तरी, एखाद दिवशी मी खरंच काढलेलं नसायचं.”

हे सगळं घडलं त्या दिवशी ऑफिसला जाणाऱ्यांची गर्दी ओसरून गेली होती. डब्यात आत्याशिवाय पेपर वाचणारा एक लठ्ठ गृहस्थ आणि एक जोडपं, बस. पुढच्या एका स्टेशनावर एक म्हातारे गृहस्थ चढले. अंगात जाड कोट, डोक्याला लोकरीची टोपी, हातात कापडी पिशवी. ती खाली ठेवताना खणकन वाजली.

“काका, पिशवीत भांडी आहेत का?” आत्यानं विचारलं.

“कुलूप आहे,” ते म्हणाले आणि तिच्या समोर खिडकीशी बसले. “आणि ते बसवायची हत्यारं.”

आत्याला बोलायला आयतंच गिऱ्हाईक सापडलं. पण हे काकाही बोलण्यात कमी नव्हते. त्यांचं कुलुपं-किल्ल्यांचं दुकान होतं, आता बंद केलेलं. मुलीनं नवं घर घेतलं होतं, ते बघायला चालले होते. “दाराला कुलूप कसलं लावलंय म्हणता? बटणांचं. आकडे दाबायचे. किल्लीच नाही. कुलूपवाल्याच्या मुलीच्या दाराला किल्ली नाही, आता बोला. मी म्हटलं, तू काही बघू नकोस, मी येतो आणि किल्लीचं बसवतो.”

“आणि ती काय म्हणाली?”

“म्हणाली, या, पण हत्यारं आणू नका.” ते खूश होऊन हसले.

त्यांचं स्टेशन शेवटच्या आधीचं होतं. मुलगी घ्यायला येणार होती. गाडीच्या कितीतरी आधी येऊन उभी राहते, म्हणाले, बाबा भलतीकडेच उतरतील अशी तिला भीती. मग टोपी काढून त्यांनी कानावरचे केस चाचपले. “आज मात्र मी बोलणी खाणार. दर वेळी म्हणते, बाबा, कानांवर हे काय जंगल वाढवलंय.”

आत्याचं लक्ष त्या जंगलाकडे केव्हाच गेलं होतं. मांडीवरच्या पेटीत सगळं सामान होतं, आणि हातांना शिवशिव सुटलेली. “बसा सरळ,” ती म्हणाली. “कान मोकळे करून देते.”

“गाडीत?”

“डोकं तुमचं, कात्री माझी. कंपनीचं काय जातंय?”

ते तयार झाले. आत्यानं शेजारी सरकून त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, कॉलरमध्ये रुमाल खोचला आणि आपल्या बाजूच्या कानापासून सुरुवात केली. गाडी हलत होती, पण हलणाऱ्या गाडीची चाल तिला माहीत होती. ती झोके चुकवून कात्री चालवायची. आणि कात्रीबरोबर तोंड. आतोबांच्या बसमधल्या शेवटच्या दिवसाची गोष्ट ती सांगू लागली. कसे शेवटच्या स्टॉपवर सगळे उतरले आणि आतोबा स्टिअरिंग सोडेचनात, कसा डेपोतल्या मॅनेजरनं त्यांना चहाची लालूच दाखवून खाली उतरवलं. काका “हं, हं” करत होते. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर ते हसू अजून होतं.

ती गोष्ट संपून दुसरी सुरू झाली. तो कान पूर्ण झाला. आत्यानं ब्रशनं मानेवरचे केस झटकले. “आता इकडे बघा, दुसरी बाजू घेऊ.” ते हलले नाहीत. झोपले, तिला वाटलं. तिनं पेटीतून छोटा आरसा काढला. “आधी हे बघा तरी, मग झोपा.”

तेव्हा तिला दिसलं. त्यांच्या वरच्या ओठावर, नाकपुडीच्या अगदी खाली, कापलेल्या केसाचा एक पांढरा बारीक तुकडा चिकटला होता. तो हलत नव्हता. गाडी हलत होती, खिडकीतलं ऊन हलत होतं, त्यांची मानसुद्धा गाडीबरोबर जराशी डुलत होती. तेवढा केस मात्र हलत नव्हता.

तिनं आरसा त्यांच्या नाकाजवळ नेला. आरसा स्वच्छच राहिला.

आत्या ओरडली नाही. ती नंतर सांगायची, “ओरडायचं असतं हेच सुचलं नाही मला. डोक्यात एकच होतं, की मी मघापासून कुणाशी बोलत होते.” तिनं दोनदा हाक मारली, खांदा हलवला, आणि मग कात्री हातात तशीच धरून ती गार्डभाऊंना शोधायला गेली. वाटेत पुढच्या डब्यात तिला पांढऱ्या गणवेशातली एक नर्स दिसली, शेवटच्या गावच्या दवाखान्यात ड्यूटीवर चाललेली. आत्याचा चेहरा बघून तीच उठली. “काय झालंय?” तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आत्याच्या मागे निघाली.

नर्सनं आणि गार्डभाऊंनी काकांना सीटांच्या मधल्या जागेत खाली घेतलं. नर्सनं गुडघ्यांवर बसून त्यांच्या छातीवर दाब द्यायला सुरुवात केली. बराच वेळ ती दाबत राहिली. घामानं तिचे केस कपाळाला चिकटले. पेपरवाले गृहस्थ उभे राहून बघत होते, जोडपं एकमेकांचे हात धरून. शेवटी नर्सनं मनगट धरून पाहिलं, मान धरून पाहिली, आणि ती मागे टेकून बसली.

“संपलं,” ती म्हणाली. “मघाशीच संपलं असणार. ह्यांना काही कळलंही नसेल.”

गार्डभाऊंनी कंपनीच्या कंट्रोल रूमला फोन लावला. त्यांच्या फोनचा आवाज मोठा होता. पलीकडचा शब्दन् शब्द ऐकू येत होता.

“पुढच्या स्टेशनवर ॲम्ब्युलन्स पाठवा साहेब,” गार्डभाऊ म्हणाले.

“पुढच्या स्टेशनवर आपलं कोण आहे? उतरवून घेणार कोण? खांब?” पलीकडचा आवाज म्हणाला. “माणूस जिवंत आहे का?”

“नर्सबाई आहेत इथं. त्या म्हणतात, नाही.”

“मग घाई कसली?”

आत्या म्हणते, तिला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं नर्सकडे पाहिलं. नर्सनं खाली मान घातली होती, पण तिचे ओठ घट्ट मिटले होते.

पलीकडचा आवाज शांतपणे सांगत गेला. शेवटच्या स्टेशनवर माणसं आहेत, सोय आहे, तिथं उतरवू. मागून एक्स्प्रेस येते आहे, लाइन अडवता येणार नाही. तोवर त्यांना जमिनीवर ठेवू नका. होते तिथं बसवा, खिडकीशी, टोपी घाला. झोपलेत असं दिसू दे. डब्यातल्या लोकांना पुढे हलवा. सीट ओल्या आहेत म्हणा. “घबराट झाली तर जबाबदारी तुमची, गार्ड.”

फोन बंद झाला. मग गार्डभाऊ कोणाकडेही न बघता म्हणाले, “ताई, जरा खांद्याला धरा.”

आणि त्यांनी तसं केलं. आत्यानं, नर्सनं आणि त्यांनी मिळून काकांना उचलून पुन्हा खिडकीशी बसवलं. आत्याला अजूनही ह्याचं नवल वाटतं, की तिनं हात लावला. “सांगितलं आणि मी केलं,” म्हणते. “कंपनीचा माणूस सांगतोय म्हणजे असंच करायचं असेल, असं वाटलं.” गळ्याचं कापड सोडून टोपी तिनंच घातली. खाली पडलेली पिशवी त्यांच्या पायाशी लावून ठेवली.

“ह्या डब्यात सीट ओल्या झाल्या आहेत, कृपया पुढे चला,” गार्डभाऊ म्हणाले. पेपरवाल्या गृहस्थांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी आपल्या कोरड्या सीटकडे एकदा पाहिलं, पेपरची घडी केली आणि ते निघून गेले. जोडपंही गेलं. आत्या गेली नाही. नर्सही तिच्या शेजारी येऊन बसली.

पुढचं स्टेशन आलं. गार्डभाऊ दारात उभे राहून चढणाऱ्यांना पुढच्या डब्याकडे पाठवत होते, तरी दुसऱ्या दारानं एक बाई आत आलीच. दोन्ही हातांत खरेदीच्या पिशव्या. कोणी काही म्हणायच्या आत ती काकांच्या शेजारी बसली, पिशव्या मांडीवर घेतल्या आणि फोनवर मोठ्यानं बोलायला लागली. मग तिचं लक्ष शेजारी गेलं.

“झोपलेत वाटतं,” ती आत्याला हळूच म्हणाली आणि तिनं फोनवरचा आवाज खाली आणला.

“हो,” आत्या म्हणाली.

ती बाई आवाज दाबून, कुणाची झोपमोड होऊ नये म्हणून, मेलेल्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून बसली होती. वळणावर काकांचं डोकं तिच्याकडे कललं. तिनं हसून जरा सरकून जागा दिली.

नर्सनं उठून त्या बाईच्या कानात काहीतरी सांगितलं. काय सांगितलं कोण जाणे. बाई पिशव्या सावरत पुढे निघून गेली.

“गार्डभाऊ,” आत्या म्हणाली, “ह्यांचं स्टेशन पुढचं आहे. मुलगी घ्यायला आलेली असणार.”

गार्डभाऊंचा चेहरा उतरला. हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी पुन्हा फोन लावला.

“नातेवाइकांना ऑफिस कळवेल,” आवाज म्हणाला. “नंबर आहे?”

“नाही साहेब. पण ती प्लॅटफॉर्मवरच उभी असेल.”

“तुम्ही कोणाशी काही बोलायचं नाही. दारं उघडायची, दारं लावायची, निघायचं. त्यांचं स्टेशन आता शेवटचं. कळलं?”

“त्यांचं तिकीट पुढच्या स्टेशनचं आहे,” आत्या फोनकडे तोंड करून म्हणाली. पलीकडून, “ही बाई कोण बोलते आहे?” आणि फोन बंद.

गाडीचा वेग कमी होऊ लागला. आत्याला वाटत होतं, मुलगी आलेली नसू दे. उशीर झालेला असू दे, चप्पल तुटलेली असू दे, काहीही. प्लॅटफॉर्म सरकत आला. त्यावर एकच बाई उभी होती, खांबापाशी. गाडीच्या प्रत्येक खिडकीत वाकून बघत होती. तिला टोपी दिसली. तिचा चेहरा फुलला. गाडी थांबेपर्यंत ती खिडकीबरोबर चालत आली आणि हसत हसत तिनं काचेवर टकटक केली.

“बाबा, उठा. आलं स्टेशन.”

तिनं पुन्हा टकटक केली. मग कपाळाला हात लावून, हे नेहमीचंच असं दाखवत, दाराकडे आली.

दार उघडलं तेव्हा आत्या दारात उभी होती. कशी आली ते तिला आठवत नाही.

“जरा त्यांना उठवता का?” मुलगी म्हणाली. “झोप लागली की कानाशी ढोल वाजवला तरी उठत नाहीत.”

आत्यानं त्या मुलीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. “मी त्यांच्या समोर बसले होते,” ती म्हणाली. “आम्ही बोलत होतो. बोलता बोलता गेले ते.”

“कुठे गेले?” मुलीनं विचारलं. आणि आत्याच्या खांद्यावरून आत बघून म्हणाली, “ते काय बसलेत.”

आत्यानं फक्त तिचा हात सोडला नाही. मुलीनं एकदा आत्याकडे पाहिलं, एकदा मागे उभ्या असलेल्या नर्सकडे, तिच्या पांढऱ्या गणवेशाकडे. हसू अजून पुरतं गेलेलं नव्हतं. चेहरा त्याचं काय करावं हे न कळल्यासारखा झाला.

“नाही,” ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. “झोपलेत.”

वर कर्कश घंटी वाजू लागली. खांबावरचा भोंगा बोलला, “दारं बंद होत आहेत. कृपया दारापासून दूर उभे राहा.” दार सरकलं, आत्याच्या खांद्यावर आदळलं आणि पुन्हा उघडलं. पुन्हा सरकलं, पुन्हा आदळलं. आत्या हलली नाही. दंडावर काळंनिळं झालं होतं, ते घरी आल्यावर आम्ही पाहिलं.

“ताई, बाजूला व्हा,” गार्डभाऊ मागून म्हणाले. त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

“ह्यांचं स्टेशन हे आहे,” आत्या म्हणाली. “ह्यांना इथं उतरवा. मग खुशाल जा.”

गार्डभाऊंचा फोन वाजला. त्यांनी खिशातून काढला, त्यावरचं नाव पाहिलं. मुलीकडे पाहिलं. मग फोन तसाच वाजत ठेवून खिशात घातला, कमरेची चौकोनी किल्ली काढली आणि दारावरच्या खाचेत घालून फिरवली. घंटी थांबली. दार उघडंच राहिलं.

मुलगी आत गेली. बाबांच्या शेजारी बसली. त्यांचा हात हातात घेतला, आणि मग तिला कळलं. ती रडली नाही, तोंडातून एक लांब श्वास बाहेर टाकला, जणू पोटात कोणी बुक्की मारली असावी. तिनं त्यांची टोपी काढली. एका बाजूचा कान मोकळा, नीटनेटका. दुसऱ्या कानावर अजून जंगल.

“हे असं कोणी केलं?” तिनं विचारलं.

“मी,” आत्या म्हणाली. “एवढंच झालं होतं.”

त्यांना खाली उतरवायला ड्रायव्हरही आला. आधी तो पुढून तणतणत आला होता, की सिग्नल मिळालाय आणि इथं काय चाललंय. दारातून आत पाहिल्यावर त्यानं काकांना पायांकडून उचललं. पेपरवाले गृहस्थ पुढच्या डब्यातून परत आले आणि त्यांनी एका बाजूनं हात घातला. प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर त्यांना निजवलं. नर्सनं आपल्या फोनवरून त्याच गावातल्या दवाखान्याला कळवलं. दवाखाना तिथून हाकेच्या अंतरावर होता. “पाच मिनिटांत येतात,” ती म्हणाली, आणि हे ऐकून गार्डभाऊंनी तोंड फिरवलं.

गाडीला निघावंच लागलं. मागे एक्स्प्रेस खोळंबली होती. नर्सला ड्यूटी होती. गार्डभाऊ दारात उभे राहून बघत राहिले, गाडी वळेपर्यंत. आत्या मागे राहिली. रिकाम्या प्लॅटफॉर्मवर भोंगा बोलला, “एका प्रवाशामुळे झालेल्या विलंबाबद्दल कंपनी दिलगीर आहे.” आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. मुलगी मान वर करून खांबाकडे बघत राहिली. तो कोणाबद्दल बोलतोय हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मग ती म्हणाली, “ही बाजूसुद्धा कराल का? असं अर्धवट नको.”

आत्यानं पेटी उघडली. मुलीनं दोन्ही हातांनी बाबांचं डोकं जरासं उचलून धरलं. आत्या गुडघ्यावर बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं एक शब्दही न बोलता केस कापले. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा ती मानेवरचे केस ब्रशनं झटकत होती. आलेली माणसं थांबली, तिचं होईपर्यंत.

त्या दिवशी ती वृद्धाश्रमात गेलीच नाही. परतीच्या गाडीनं घरी आली, पेटी खाली ठेवली आणि उंच खुर्चीत जाऊन बसली. आतोबांनी काय झालं विचारलं. तिनं सगळं सांगितलं, आणि सांगताना ‘मग घाई कसली’पाशी थांबली. जे वाक्य तिला गिळता येत नव्हतं, ते हेच. मरण तिनं पाहिलं होतं. वृद्धाश्रमात कितीदा तरी एखादी खुर्ची रिकामी झालेली असायची. पण इतक्या सभ्य, शांत आवाजात कोणी असं बोलू शकतं, आणि आपण ते ऐकून माणसाला टोपी घालू शकतो, ह्यानं ती हादरली होती.

काही दिवसांनी कंपनीची दोन माणसं घरी आली. आम्हाला वाटलं, माफी मागायला. एकानं फाइल उघडली. दार अडवल्यामुळे किती गाड्यांना उशीर झाला ते त्यानं वाचून दाखवलं. दुसऱ्यानं घसा खाकरला. “आणि आमच्या असं कानावर आलंय, की तुम्ही चालत्या गाडीत केस कापत होता. डब्यात असा व्यवसाय करायला परवानगी नाही. धारदार वस्तू वापरणं तर अजिबातच नाही.”

आतोबा कोपऱ्यात बसले होते. ते उठले, त्यांनी दार उघडलं आणि धरून ठेवलं.

“मी जन्मभर बस चालवली,” ते म्हणाले. “माझ्या बसमध्ये एक बाई गेली होती. मी बस रस्त्याच्या कडेला लावली, इंजिन बंद केलं, आणि सगळे जण खाली उतरून उभे राहिलो. सगळ्यांना उशीर झाला. एकानंसुद्धा का म्हणून विचारलं नाही. निघा आता.”

ही गोष्ट आत्यानंही तोपर्यंत ऐकलेली नव्हती.

कंपनीकडून पुढे काही आलं नाही, ना शिक्षा, ना माफी. स्टेशनवरचा खांब आहे तिथंच आहे. गार्डभाऊंना मात्र गाडीवरून काढून डेपोत पाठवलं, डबे धुतले जातात तिथं. एके दिवशी ते दुकानात केस कापायला आले. वाईट वाटतं का, आत्यानं विचारलं, आणि पहिल्यांदाच उत्तराची वाट बघितली.

“डेपोचं नाही वाटत,” ते आरशात बघत म्हणाले. “त्यांना परत खिडकीशी बसवलं, त्याचं वाटतं.”

“मी पण धरलं होतं,” आत्या म्हणाली.

मुलगी आली ती त्यानंतर. पत्ता तिनं नर्सला विचारून वृद्धाश्रमातून मिळवला होता. खुर्चीत बसली, केस सोडले आणि म्हणाली, “थोडेच कापा. मला फक्त विचारायचं होतं. शेवटी बाबा काय बोलत होते?”

आत्याची कात्री थांबली. खोटं काही गोड बोलता आलं असतं. “ते नाही, मीच बोलत होते,” तिनं सांगितलं. “कुलपाबद्दल बोलले, तुमच्याबद्दल बोलले. तुम्ही आधीच येऊन उभ्या राहता, हे कौतुकानं सांगितलं. पण मग केस कापायला घेतले आणि त्यांना काही बोलूच दिलं नाही मी. ते नुसतं हं हं करत होते.”

मुलगी आरशातून आत्याकडे बघत राहिली, आणि तिला अचानक हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले. “म्हणजे बाबांना शेवटी कोणाचं तरी ऐकून घ्यावं लागलं,” ती म्हणाली. “आमच्या घरात हे कोणालाच जमलं नव्हतं.”

आत्याचं वृद्धाश्रमात जाणं त्या काळात बंदच पडलं होतं. तिकडून निरोप यायचे, की म्हाताऱ्यांचे केस वाढलेत, ताई कधी येणार. ती उद्या म्हणायची आणि जायची नाही. स्टेशनापर्यंत जाऊन एकदा परतही आली.

मग एका सकाळी ती पेटी भरत असताना आतोबा बूट घालून दारात उभे राहिलेले दिसले. कुठे निघालात, विचारलं तर म्हणाले, “तुझ्याबरोबर.”

ते आयुष्यात पहिल्यांदा त्या हिरव्या सीटवर बसले, ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर, जणू कोणी शिकाऊ माणूस बस चालवतोय आणि ब्रेकची तयारी आपणच ठेवायला हवी. आत्या समोर बसली. कित्येक दिवस तिला धड झोप लागलेली नव्हती. गाडीच्या लयीत तिचे डोळे मिटले. लगेच तिच्या गुडघ्यावर आतोबांचा हात आला.

“काय झालं?” ती दचकून म्हणाली.

“काही नाही,” आतोबा म्हणाले.

थोड्या वेळानं तिला परत डुलकी लागली. त्यांनी परत उठवलं.

“अहो, झोपू द्या की जरा.”

“घरी झोप,” ते म्हणाले. “इथं माझ्याशी बोल.”